आधी बिंदू, मग पाईप

(जळगाव येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, घरच्या घरी रेसिंग गाडी बांधायला घेतली की पोरं आधी इंजिनाच्या मागे लागतात आणि मग वेल्डिंगच्या. सांगाडा उभा राहतो, त्याचे फोटो निघतात आणि मग विचारणा होते, ‘सर, आता सस्पेन्शन कुठे बसवायचं?’ सस्पेन्शन म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडून वरखाली हलू देणारी रचना. हा क्रम उलटा आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. आर्म म्हणजे चाक धरणारे दांडे कुठे फिरणार, त्यांच्या टोकाचा बॉल जॉइंट म्हणजे गोल सांधा कुठे येणार, स्टिअरिंगचा रॅक म्हणजे चाकं वळवणारा आडवा दांडा कुठे बसणार हे बिंदू आधी ठरतात. ते बिंदू जागेवरून हलू न देणं हे चेसीचं, म्हणजे सांगाड्याचं, काम. पाईप त्यानंतर कापायचा.

रोड रेसिंग म्हणजे बंदिस्त डांबरी ट्रॅकवरची शर्यत, हे पालकही बसलेत म्हणून स्पष्ट सांगतो. मुंबई-आग्रा रस्ता नाही आणि लळिंगचा घाट तर मुळीच नाही. घरी बांधलेली गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर काढता येत नाही, आणि काढूही नये. ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत, एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, एक कोईम्बतूरला. कोईम्बतूरचा ट्रॅक 2003 साली सुरू झाला आणि त्याला एस. करिवर्धन यांचं नाव आहे. मूळचा हा कापडगिरणीचा माणूस. मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन घेऊन त्यांनी एका सीटच्या रेसिंग गाड्या उभ्या केल्या, फॉर्म्युला मारुती म्हणून त्या देशभर गाजल्या. 1995 मध्ये ते विमान अपघातात गेले. आपल्याकडे मिळणाऱ्या सुट्या भागांतून रेसिंग गाडी होते, हे त्यांनी केव्हाच दाखवून दिलं आहे.

आता मुद्द्यावर येऊ. गाडी वळते ती टायर जमिनीला जिथे टेकतो त्या चार छोट्या जागांवर. वळणावर बॉडी बाहेर झुकते. वरचा आणि खालचा आर्म सारख्याच लांबीचे आणि समांतर असतील, तर बॉडी जितकी झुकली तितकंच चाकही झुकतं, आणि बाहेरचा टायर नेमक्या कामाच्या वेळी कडेवर उभा राहतो. म्हणून वरचा आर्म आखूड ठेवतात. चाक वर जाताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि झुकाव बराचसा भरून निघतो. पण हावरटपणा नको. वरचा आर्म फारच आखूड केला तर ब्रेक मारल्यावर, नाक खाली गेलं की, दोन्ही पुढची चाकं आत कलतात आणि ब्रेकची पकड जाते. दोन्हींच्या मधलं काहीतरी निवडावं लागतं, ते कागदावर निवडा.

कागदावरचे बिंदू लोखंडात उतरवताना आपल्या खान्देशात एक वेगळी अडचण येते, ती पुस्तकात सापडत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर्कशॉपची फरशी तिच्यासोबत वरखाली होते. डोळ्याला कळत नाही, पण चार चाकांखाली चार वेगळ्या उंच्या निघतात. त्यामुळे फरशीवरून उंची कधीच मोजू नका. जाड चॅनेलची चौकट करा, तिच्या चारही कोपऱ्यांना नट-बोल्टचे पाय द्या आणि गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी पाण्याने भरून कोपऱ्यागणिक पातळी जुळवा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. मधली रेघ दोरीने आणि ओळंब्याने काढा. गाडीची सगळी मापं या चौकटीवरून आणि या रेघेवरूनच घ्यायची. आर्म धरणारे ब्रॅकेट आधी जिगवर, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या साच्यावर, बोल्टने आवळा, मग टाके मारा, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. एका बाजूने सलग ओढलं तर पाईप ओढला जातोच.

सगळ्यात जास्त वेळ स्टिअरिंगला द्या. चाक वरखाली होताना टायरॉडचं, म्हणजे रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्याचं, टोक एका कमानीत फिरतं आणि आर्म आपल्या कमानीत. दोन्ही जुळल्या नाहीत तर स्टिअरिंग सरळ धरूनही चाक आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात, आणि वेगात हे भीतिदायक असतं. जुन्या गाडीचा रॅक वापरणार असाल तर त्याची लांबी ठरलेली असते. म्हणून रॅक आधी आणा, त्याचे आतले सांधे मोजा आणि आर्मचे आतले बिंदू त्यानुसार ठेवा. समोरून पाहिलं तर वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा वाढवल्यावर जिथे मिळतात, तिकडेच टायरॉडची रेषाही गेली पाहिजे.

मग मोजायचं. स्प्रिंग काढा. हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या भागावर, सरळ पट्टी बोल्टने बसवा, तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक, लावा. चाक जॅकने पाच-पाच मिलिमीटर उचला. स्टुडंट फॉर्म्युला या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धेच्या नियमात किमान 50 मिलिमीटर हालचाल लागते, तेवढी तरी तपासा. दोन गेजमधला फरक लिहीत जा. वर जाताना चाक एकीकडे आणि खाली जाताना दुसरीकडे वळत असेल, तर टायरॉडची उंची चुकली आहे, वॉशर घालून किंवा काढून ती सुधारते. वर आणि खाली दोन्ही वेळा एकाच बाजूला वळत असेल, तर लांबी चुकली आहे. तिथे वॉशरचा उपयोग नाही.

आता स्प्रिंग. ‘कोणत्या बाईकचा शॉकअप टाकू, भो?’ असं विचारत फिरू नका, हिशेब करा. समजा एका पुढच्या चाकावर 90 किलो येतात, त्यातले 20 चाक, हब, ब्रेकचे. उरले 70. घरगुती मोटार साधारण 1 ते दीड हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला एक ते दीड वेळा, डोलते. आपल्याला 2 हर्ट्झ हवेत, म्हणजे त्या 70 किलोंखाली चाकापाशी सुमारे 62 मिलिमीटर दबलं पाहिजे. चाकापाशी हिशेब येतो प्रति मिलिमीटर 11 न्यूटन. पण चाक 10 मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग 7 च दबली, तर त्या 0.7 चा वर्ग करून भागायचं. 11 भागिले 0.49, म्हणजे प्रति मिलिमीटर साडेबावीस न्यूटनची स्प्रिंग. हा वर्ग पोरं विसरतात आणि गाडी ढिली लागते. अँटी-रोल बार, म्हणजे बॉडीचा झुकाव रोखणारी दांडी, नंतर बघू, आधी स्प्रिंग बरोबर हवी.

रॉड एंड, म्हणजे दांड्याच्या टोकाला आट्यांनी बसणारा, आत गोळा असलेला सांधा, याबद्दल मात्र मी कडक आहे. तो ओढ आणि दाब सोसतो, वाकवणं सोसत नाही. स्प्रिंगचा भार आर्मच्या मध्यावर घेतला आणि बाहेरच्या टोकाला रॉड एंड लावला, तर तो आट्यांपाशी तुटतो आणि चाक निखळतं. भार बाहेरच्या सांध्याजवळ घ्या. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला हवा, कातरणाऱ्या जागी त्याचा गुळगुळीत भाग यावा, आटे नकोत. बाजूला मोठा वॉशर घाला, म्हणजे आतला गोळा निसटला तरी आर्म हातचा जात नाही. या चार रुपयांच्या वॉशरवर कोणाच्या तरी मुलाचा जीव असतो.

चाचणी बंद मैदानात, हेल्मेट घालून, हळू. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. शॉकअपचं तेल पातळ होतं, टायरची हवा वाढते, म्हणून पहाटेची आणि दुपारची नोंद वेगळ्या पानावर करा. प्रत्येक नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ मारा. पहिल्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट नुसता आवळून पुढे जाऊ नका. तो काढा, बोल्ट तपासा, भोक लांबट झालंय का ते बघा, आणि मगच गाडी पुन्हा सुरू करा.