दम नक्की कुठे अडतो?

नमस्कार, श्रोतेहो.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे साडेपाचला मैदानावर येतात. १६०० मीटर, म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या. पहिल्या फेरीला सगळेच पहिले! दुसऱ्या फेरीच्या वळणावर एकेकाचा हात कमरेवर जातो, आणि शेवटी गुडघ्यांवर हात टेकून एखादा म्हणतो, “सर, छातीच कमी पडते.” प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना व्यायामशास्त्र शिकवताना मी याच वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

कोविडच्या दिवसांत बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आठवा. निरोगी तरुण जीव तोडून पळाला, तरी त्याच्या रक्तातला प्राणवायू सहसा ९५ टक्क्यांच्या आसपासच राहतो. फुप्फुसं आपलं काम चोख करत असतात. मग धाप का लागते? स्नायूंत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि वाढती आम्लता मेंदूला जाणवते आणि तो श्वासाची गती वाढवतो. आत घेण्याइतकीच ही बाहेर टाकण्याची घाई असते. (छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांनी आधी डॉक्टरांना गाठावं.)

अडतं ते मुख्यतः हृदयापाशी. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. पळताना साधारण तरुणाचं २० लिटरपर्यंत जातं, आणि लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूचं ३५ च्या घरात. प्राणवायू भरपूर आहे, पण तो पोटऱ्यांपर्यंत पोचवणारा पंप तेवढाच आहे.

हे मोजलं कसं? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल नावाचे शास्त्रज्ञ पाठीवर पिशवी बांधून गवतावर स्वतः गोल गोल पळाले. सोडलेला श्वास त्या पिशवीत भरायचा आणि मग तपासायचा. स्नायूंतल्या उष्णतेवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालेला हा माणूस. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे! त्यांच्या लक्षात आलं, की वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यापुढे प्राणवायूचा वापर वाढत नाही. त्या कमाल मर्यादेला आज आपण व्हीओटू मॅक्स म्हणतो. बसल्या जागी आपण वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरतो. कॉलेजच्या साध्या मुलाची कमाल मर्यादा चाळीसच्या आसपास असते, अव्वल धावपटूंची सत्तर-ऐंशी.

आता ती पहिली फेरी. स्नायूत तयार असलेलं एटीपी, म्हणजे रोख ऊर्जा, दोन-चार सेकंदांत संपते. क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूतलाच दुसरा राखीव साठा, आणखी दहाएक सेकंद निभावून नेतं. प्राणवायूवर चालणारा कारभार मात्र पुरता सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवरची तूट साखर प्राणवायूवाचून फोडून भरली जाते, आणि त्याबरोबर आम्लता वाढते. सव्वापाच-साडेपाच मिनिटांत १६०० मीटर पळायचं, तर फेरी ८० सेकंदांची. जो पहिली फेरी ६५ मध्ये मारतो, तो या आम्लतेचं ओझं घेऊन उरलेल्या तीन फेऱ्या पळतो. म्हणून शर्यतीआधी दहा मिनिटं हलकं पळा. मुलांना वाटतं, ताकद वाया जाईल. उलट, प्राणवायूचा कारभार शिट्टीच्या आधीच जागा झालेला असतो.

आणि हो, दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडू नका. साखर अशी फोडताना तयार होणारं हे ॲसिड रक्तात लॅक्टेटच्या रूपात असतं, आणि ते वाढलेलं लॅक्टेट तास-दीड तासात निपटतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. सिंहगडावर जाऊन आलेल्यांना विचारा. चढताना दम लागतो, पण दोन दिवसांनी जिन्यात कठडा धरून तिरकं तिरकं उतरायला लावते ती गडावरची उतरण. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं.

जाता जाता एक काम देतो. २२० मधून वय वजा केलं की नाडीची कमाल मिळते, असं सगळीकडे सांगतात. सोपं आहे, पण दहा-बारा ठोके इकडचे तिकडे सहज होतात. त्यावर पैज लावू नका. त्यापेक्षा उद्या सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आकडा वहीत लिहा, तारखेसह. आठवड्यातून चार दिवस, बोलता येईल इतक्याच वेगानं, अर्धा-अर्धा तास पळा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. आज ७४ असतील, तर तेव्हा बहुधा थोडे कमी भरतील, कारण तेवढंच रक्त हृदय कमी ठोक्यांत ढकलू लागलेलं असेल.

वही मात्र उशाशीच ठेवा. नमस्कार.