लाइट गेली तरी चालणारा फिल्टर प्लांट

नमस्कार मंडळी! 2016 ला मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते आपण कुणीच विसरलो नाही. पण आज पाणी किती येतं यावर नाही, आलेलं पाणी प्यायजोगं कसं होतं यावर बोलायचंय. पहिला पाऊस पडला की नळाला गढूळ पाणी यायलंय, आणि गावात फिल्टर प्लांट असला तरी लाइट गेली की पंप बंद, तुरटी तर अंदाजानंच.

अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत मोनरो वेबर-शर्क यांनी 2005 ला अग्वाक्लारा नावाचं काम सुरू केलं, होंडुरास देशातल्या छोट्या गावांसाठी. अट एकच, प्लांटला वीज लागायला नको, पाणी उतारानंच पुढं सरकलं पाहिजे.

त्यांची तुरटी सोडायची पद्धत बघा. मधोमध टेकवलेली एक दांडी, एका टोकाला फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, दुसऱ्या टोकाला औषधाच्या म्हणजे तुरटीच्या पाण्याची नळी. प्लांटमधे पाणी जास्त यायला लागलं की फ्लोट वर, नळी खाली, आणि औषध त्याच हिशोबात जास्त पडतं! पाणी किती गढूळ आहे ते बघून ऑपरेटर फक्त दांडीवरचा सरकता भाग पुढंमागं करतो. फिल्टरमधे वाळूचे सहा थर, एकावर एक. एरवी पाणी सहाही थरांत वाटून जातं, पण वाळू धुवायची असली की तेच सगळं पाणी खालून सोडतात, मग वेग सहापट होतो, वाळू उचलली जाते नि घाण निघून जाते, पंप लागतच नाही.

हे एका वर्षात जमलेलं नाही. दर सेमिस्टरला पोरांची टीम एक भाग हातात घेते, प्रयोग करते, रिपोर्ट लिहिते, पुढची टीम तिथूनच पुढं जाते. डिझाइनही सगळ्यांना खुली. झारखंडातल्या काही गावांतही त्यांचे छोटे प्लांट बसलेत.

आपल्याकडं फायनल इयरचा प्रोजेक्ट बाइंडिंग होऊन कपाटात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हुशारी आपल्या पोरांत काय कमी आहे का? आपला मुलूख सपाट, विहिरीचं पाणी एकदा टाकीवर चढवावं लागणारच, पण पुढचं सगळं उतारावर होऊ शकतं. हां, हा इलाज गढूळ पाण्याचा, बोअरमधल्या फ्लोराइडचा नाही, त्यासाठी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं काढलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत आहे.

सिव्हिलच्या सर-मॅडमना माझी विनंती आहे, जवळच्या एका गावाचा प्लांट कायमचा घ्या. पाणी किती गढूळ होतं, तुरटी किती टाकली, गाळून कसं निघालं, हे रोज एका वहीत लिहायला लावा, आणि बॅच पास झाली की ती वही पुढच्या बॅचच्या हातात द्या.