सुट्ट्या पैशांतला हिरा आणि तारा

नमस्कार श्रोतेहो. नवी पेठेत शेंगाचटणी घेतली, दुकानदाराने हातावर सुट्टे ठेवले, की आपण ते न बघताच खिशात टाकतो. पुढच्या वेळी जरा थांबा आणि नाण्यावरच्या सालाखाली बघा. तिथे बारीक हिऱ्याची खूण असेल, तर नाणं मुंबईच्या टाकसाळीतलं. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. आपलं सोलापूर मुंबई-हैदराबाद रस्त्यावरचं. हिरा आणि तारा एकाच मुठीत आले की मला फार आनंद होतो. घरच्या जुन्या डब्यात १९८५ चा रुपया असेल, तर सालाखाली इंग्रजी ‘एच’ अक्षर शोधा. त्या काळात सुट्ट्यांची टंचाई होती, म्हणून काही नाणी परदेशात पाडून घेतली. हे अक्षर बर्मिंगहॅमच्या टाकसाळीचं.

खरा अभ्यास मात्र ठशांचा. कोरी चकती वरच्या आणि खालच्या ठशामध्ये दाबली जाते, तेव्हा नाणं पडतं. हजारो नाणी पाडून ठशाला तडा जातो. त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. नख फिरवून बघा. रेघ वर आलेली लागली तर तडा ठशाचा. नख खाचेत अडकलं तर तो नुसता ओरखडा, सोडून द्या. दुसरी परीक्षा अशी: सिंह सरळ ठेवून नाणं डाव्या-उजव्या कडांना धरा आणि पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मागचा आकडा सरळच दिसायला हवा. तो तिरका किंवा उलटा आला, तर ठसा जागेवरून फिरलेला होता. असं नाणं जपून ठेवा.

१९९९ चा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि त्याच सालचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं मिळालं, तर मी ते खर्च करत नाही. पंढरीच्या जिल्ह्यात राहून माउलींचा रुपया हातातून कसा सोडायचा?

वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं आहे. आणि सापडलेलं नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासलं की वरची मूळ झळाळी जाते, बारीक खुणा झिजतात आणि जाणकार त्याला हात लावत नाही. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, वर साल आणि खूण लिहा.