दार फुटायची वाट का बघायची?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे दोन वाजलेत आणि मागच्या दाराची कडी कुणीतरी बाहेरून हलवतंय. अशा वेळी घरातला माणूस हाताला लागेल ते उचलतो. काठी, मुसळ, विळा, जे असेल ते. कलम आठवत बसायची ती वेळच नसते. म्हणून ते कलम आज निवांतपणे ऐकून ठेवा.

स्वतःचा बचाव करण्याचा हक्क आपल्या फौजदारी कायद्यात १८६० पासून लिहिलेला आहे. भारतीय दंड संहितेची कलमं ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तीच कलमं ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. हा हक्क फक्त स्वतःच्या जिवापुरता नाही, दुसऱ्याच्या जिवासाठीही आहे. शेजारणीला कुणी मारत असेल तर मध्ये पडण्याचा अधिकार तुम्हाला कायद्यानं दिला आहे. मालमत्तेसाठीही हा हक्क आहे, पण तो जरा आखडता आहे.

कायद्याच्या मराठी पुस्तकांत याला ‘खाजगी संरक्षण’ म्हणतात. चाळीस वर्षं वकिली केली, पण हा शब्द मला कधी पटला नाही. पक्षकाराला समजावताना मी ‘स्वतःचा बचाव’ असंच म्हणत आलो. ज्या शब्दावर माणसाची सुटका किंवा जन्मठेप ठरते, तो शब्द त्याला पहिल्या ऐकण्यात कळला पाहिजे. असो.

आज मला खरं तर सांगायची आहे ती कटनीची गोष्ट. कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभा राहिलो की मी ती सांगतोच.

साल १९५०, मार्च महिना. कटनी हे आजच्या मध्य प्रदेशातलं गाव, पण तेव्हा त्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि उच्च न्यायालयही नागपुरातच. फाळणीनंतर कटनीत सिंधी निर्वासित येऊन राहिले होते. ५ मार्चला त्यांच्यात आणि गावातल्या मुसलमानांत दंगल पेटली. बाजारातल्या मुसलमानांच्या दुकानांतला माल रस्त्यावर आला. माणसं मारली गेली. आणि जमाव पुढच्या चौकाकडे सरकला.

तिथं दोन भावांची दुकानं होती, एकाच इमारतीत, भिंतीला भिंत लागून. जमावानं आधी एका भावाचा भाग फोडला आणि लूट सुरू केली. दुसरा भाऊ आपल्या भागात होता, त्याच्याकडे बंदूक होती. मधल्या भिंतीला एक भगदाड होतं. त्या भगदाडातून त्याची आई अलीकडे आली आणि तिनं सांगितलं, पलीकडे लोक घुसलेत, लूट चाललीय. तिकडच्या बायका, मुलं त्याच भगदाडातून जीव मुठीत धरून या बाजूला आली.

श्रोतेहो, क्षणभर त्या खोलीत उभे राहा. भावाचं दुकान हातचं गेलंय. आई समोर आहे, पोरं रडताहेत. गावात मुडदे पडल्याची बातमी आलेली आहे. आणि आता याच्याच दारावर लाठ्या बसायला लागल्या.

त्यानं दोन गोळ्या झाडल्या. जमावातला एक माणूस मेला, तीन जखमी झाले.

खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयानं शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयात कायम झाली. कारण काय? तर गोळी झाडली तेव्हा त्याच्या दुकानात लूट झालेली नव्हती. दार अजून फुटलेलं नव्हतं. मग बचावाचा हक्क कुठून आला?

हा प्रश्न नीट ऐका, कारण आजही पोलीस ठाण्यात तो असाच विचारला जातो. ‘तुला लागलं कुठं? त्यानं मारलं कुठं?’

अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५२ साली निकाल लागला. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. हे बोस आपल्या नागपूरचे. इथंच त्यांनी वकिली केली, इथंच मुख्य न्यायाधीश झाले आणि मग दिल्लीला गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसाला त्या घडीला काय वाटलं असेल? शेजारचं दुकान फुटलंय, माणसं मारली गेलीत, दारावर लाठ्या पडताहेत. अशा माणसाला आपल्या आणि आपल्या माणसांच्या जिवाची भीती वाटणं रास्त आहे की नाही? रास्त असेल, तर हक्क तिथंच सुरू झाला. जमाव आत येईपर्यंत थांबायचं त्याच्यावर बंधन नव्हतं. आणि असल्या गोष्टी सोनं तोलायच्या काट्यावर तोलायच्या नसतात, असं त्यांनी लिहून ठेवलं. माणूस सुटला.

निकाल दोन-तीन पानांत मावतो. हल्ली दीडशे पानांचे निकाल येतात आणि त्यातला मुद्दा शोधायला आठवडा जातो. तरुण वकिलांना मी कळकळीनं सांगतो, बोस यांचे निकाल मुळातून वाचा. भाषा कशी असावी तेही त्यातून शिकाल.

एकदा एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, ‘सर, जमाव दारावर लाठ्या मारून निघून गेला असता तर? मग एक जीव उगाच गेला ना?’ प्रश्न चांगला होता. मी तिला म्हटलं, बेटा, हे तुला आणि मला बाकावर बसून सुचतंय. त्या माणसाला भगदाडातून आलेली आई दिसत होती. कायदा त्याला भविष्य विचारत नाही, त्या क्षणाची रास्त भीती विचारतो.

रास्त भीती. हा शब्द लक्षात ठेवा. भीती सुरू झाली की हक्क सुरू होतो, फटका बसेपर्यंत थांबावं लागत नाही. आणि भीती संपली की हक्क संपतो. पुन्हा सांगतो. भीती सुरू, हक्क सुरू. भीती संपली, हक्क संपला.

हा दुसरा भाग लोक विसरतात. बांधावरून भांडण होतं, समोरचा कुऱ्हाड घेऊन धावतो, तुम्ही फावड्यानं त्याचा वार अडवता, कुऱ्हाड त्याच्या हातून पडते. इथंपर्यंत तुम्ही बचाव केलात. कुऱ्हाड पडल्यावर, तो पाठ फिरवून पळत असताना डोक्यात फावडं घातलंत, तर तो बचाव राहिला नाही. पहिला फटका आणि तिसरा फटका यांत कायद्याच्या लेखी जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गरजेपुरतीच इजा करायची, ही मर्यादा आता कलम ३७ मध्ये आहे. पोलिसांकडे जायला पुरेसा वेळ असेल तर हक्क नाही, हेही तिथंच लिहिलंय.

मग जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो? मरणाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्काराचा हल्ला असेल, पळवून नेण्यासाठी हल्ला असेल, तेव्हा. ॲसिडचा हल्ला २०१३ साली यात घातला गेला. आणखी दोन-तीन प्रकार आहेत, पण आयाबायांनी निदान एवढे पाठच करावेत. आजकाल शाळांमधून मुलींना कराटे शिकवतात, फार चांगलं आहे. पण ‘तू हात उचललास तर गुन्हेगार ठरत नाहीस’ हे एक वाक्य त्या वर्गात कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं. पुष्कळ मुली मार खातात त्या ताकद नसते म्हणून नव्हे, उद्या आपल्यावरच केस होईल या धाकानं.

मालमत्तेचं वेगळं आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, अशा वेळी हक्क जिवापर्यंत जातो. साध्या चोरीत तो तिथवर पोचत नाही. आंबे चोरणाऱ्या पोराला गोळी घालता येत नाही.

आणि पकडलेल्या चोराला खांबाला बांधून मारणं? तो बचाव नाही, तो गुन्हा आहे. चोर पकडला की भीती संपली. इथं मला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवल्याशिवाय राहत नाही. १ जुलै २०१८. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच माणसं ठेचून मारली. सोलापूरकडून आलेली, भिक्षेवर पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. रास्त भीती आणि अफवा यांतला फरक त्या दिवशी एकालाही उभं राहून सांगता आला नाही.

आता शेवटचं, कामाचं. प्रसंग घडलाच तर ११२ वर फोन करा आणि घडलं ते खरं सांगा. घाबरून ‘मी तिथं नव्हतोच’ म्हणू नका. असल्या खोट्यानं हातची केस गेलेली मी पाहिली आहे. स्वतःला लागलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि जखमा नोंदवून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमा कशा झाल्या हे सरकार पक्षाला सांगता आलं नाही, तर न्यायालय त्याची दखल घेतं. बचावाचा हक्क सिद्ध करणं आरोपीवर असतं हे खरं, पण सरकार पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत. त्याची हकिगत संभवनीय वाटली तरी पुरतं. आणि वकिलानं हा मुद्दा मांडायचा राहून गेला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायाधीश स्वतःहून तो विचारात घेऊ शकतात.

नमस्कार.