आडवा उजेड

राजारामपुरी, कोल्हापूर. मार्चमधली सकाळ. खोलीत अजून पंखा लागायचाय. घरमालक वर बघून म्हणतात, "छत एकदम गुळगुळीत झालंय की!" रंगारी मामा काहीच बोलत नाहीत. खिडक्या लावून घेतात, घोडीवर चढतात आणि लांब वायरीचा बल्ब छताच्या कडेला खेटून धरतात.

बघता बघता छताचं रूपच पालटतं. गिलावा सारखा करताना फिरवलेल्या रंध्याच्या फेऱ्या उमटतात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. कोपऱ्यातनं केसासारखी एक भेग निघालीय. "खालनं काय दिसणार? उजेड आडवा टाकायचा." मामा एकेका खोडीभोवती पेन्सिलनं गोल काढतात. झाले २२.

गिलावा होऊन महिना उलटलाय. पहिले आठ दिवस पाणी मारलं, पुढं नुसता वाळू दिला. जुलैत इथं महिनाही पुरत नाही. ओल आत कोंडून वर रंग चढवला, की फुगे येतात, पापुद्रे सुटतात.

आता भेग. मामा भरायच्या आधी तिला मोठी करतात, खरवडायच्या पत्तीच्या टोकानं व्हीसारखी खाच पाडून. "नुसतं वरनं फासलं तर आत पोकळच की." मग शेजारी पत्तीच्या मुठीनं ठोकून कान देतात. आवाज बद्द आला, तर तेवढा गिलावा पाडायचाच. स्लॅबची खालची बाजू शटरिंगच्या प्लेटीमुळं गुळगुळीत असते; टाचे मारून ती खरबरीत केली नसेल तर गिलाव्याचा माल धरत नाही. इथं आवाज टणक आहे. धूळ झाडली, पाण्याचा हात फिरवला आणि वॉल पुट्टी दाबून बसवली. जराशी वर ठेवून, कारण वाळताना ती आत बसते.

भोकांना पातळ हात पुरतो. एका थरात दीड मिलिमीटरच्या वर नाही. पुट्टी थोडी थोडीच कालवायची. डब्यात घट्ट झालेली पोरानं पाणी घालून ढवळली, तर मामांनी ती सरळ फेकून दिली.

वाळल्यावर पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, मग २२०. तोंडाला टॉवेल, डोक्याला टोपी, तरी भुवया पांढऱ्या. मान अशी आखडते, की चहा पितानाही मामा वरच बघत असतात.

दुसऱ्या दिवशी प्रायमर. तो वाळल्यावर पुन्हा खिडक्या बंद, पुन्हा बल्ब.

कानामागची पेन्सिल निघते. २३वा गोल.