काउंटरवर कोण उभं आहे?

[सकाळ. ओक ट्री रोड. शटर अर्धं वर.]

न्यू जर्सीतला ओक ट्री रोड. साड्या, सोनं, किराणा, मिठाई, आणि त्यांच्या मधोमध हे छोटंसं फराळाचं दुकान. उघडायला अजून वेळ आहे. कढईत तेल तापतंय, कोथिंबीर चिरली जातेय. चिरणाऱ्यांचे फक्त हात दिसतील. चेहरे आम्ही मुद्दामच टिपलेले नाहीत. आज इथे तालीम आहे : इमिग्रेशनचा अधिकारी दुकानात आला तर काय करायचं, ते एक वकीलबाई शिकवणार आहेत.

[दार उघडतं. गडद जाकिटातला माणूस.]

हा अधिकारी नाही. ‘आइस’च्या, म्हणजे परदेशी लोकांचे कागद तपासून अटक करू शकणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याचं सोंग घेतलेला स्वयंसेवक आहे. मागे जाऊन दोन प्रश्न विचारू का, एवढंच तो विचारतो. काउंटरवर मालकीणबाईंचा भाचा आहे. तो हसून म्हणतो, “शुअर, कम ऑन इन.”

वकीलबाई तालीम तिथेच थांबवतात. गिऱ्हाइकांसाठी खुल्या असलेल्या भागात अधिकारीही येऊ शकतो. पण स्वयंपाकघर, कोठार, ऑफिस यांत शिरायला त्याला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं, नाहीतर कुणाची तरी परवानगी. ती मालकानेच द्यायला हवी असं नाही, काउंटरवरच्या मुलाचा होकारही पुरू शकतो. मोठ्या कंपनीत अशा वेळी फोन वकिलांच्या खात्यात जातो. इथे जो गल्ल्यावर उभा असेल, तोच ते खातं.

[मागचं दार. गिऱ्हाईक स्वयंपाकघरातून वॉशरूमकडे जातं.]

या दुकानाची खरी अडचण इथे आहे. वॉशरूमला जायची वाट स्वयंपाकघरातून. गिऱ्हाईक जिथून बिनदिक्कत ये-जा करतं, त्या जागेला खाजगी म्हणणं अवघड. म्हणून आधी मधे फळी टाकून वाट वेगळी केली, मग दाराला कडी आणि वर पाटी : ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’.

[टेबलावर दोन कागद. क्लोज-अप.]

दोन्ही कागदांवर ‘वॉरंट’ लिहिलंय. डावीकडे वर होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव, कोपऱ्यात फॉर्म क्रमांक आय-२००, खाली इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही. हे प्रशासकीय वॉरंट. त्यावर एखाद्याला अटक होऊ शकते, पण परवानगीशिवाय खाजगी भागात शिरता येत नाही. उजवीकडे वर न्यायालयाचं नाव, खाली न्यायाधीशाची सही. हे दाखवलं तर बाजूला व्हायचं. मात्र कोणती जागा, कोणत्या वस्तू, ते वाचून घ्यायचं. भाचा दोन्ही कागद उलटसुलट करून बघतो. घाईत हा फरक दिसणं सोपं नाही, म्हणून फोटोकॉपी आता गल्ल्यामागे चिकटवली आहे.

[खण उघडतो. फायली, बिलं, दिवाळीची कार्डं.]

आता खण. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इमिग्रेशन सुधारणा कायद्यावर ६ नोव्हेंबरला सही केली. त्या दिवसानंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाचा आय-नाइन फॉर्म, म्हणजे त्याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे हे कागदपत्रं पाहून नोंदवणारा फॉर्म, भरणं मालकावर बंधनकारक झालं. प्रत्येकाचा, म्हणजे नागरिकाचाही. पहिला भाग कामगाराने पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, दुसरा मालकाने मूळ कागदपत्रं पाहून कामाच्या तीन दिवसांत. कोणती कागदपत्रं दाखवायची ते यादीतून कामगार निवडतो. “तू ग्रीन कार्डच आण” असं मालकाने म्हणणं हा भेदभाव ठरू शकतो, आणि त्याची शिक्षा वेगळी.

फायली मोजल्या. एक फॉर्म कमी निघाला, भाच्याचाच. जन्म न्यू जर्सीतल्याच एडिसनचा, पासपोर्ट अमेरिकन. “घरचाच मुलगा, त्याचा कसला फॉर्म?” असं मालकीणबाईंना वाटलं होतं. आज तो भरला गेला. तारीख आजचीच, सोबत उशिराचं कारण सांगणारी चिठ्ठी. मागची तारीख टाकणं म्हणजे चूक झाकायला गुन्हा करणं. २०२५ च्या दराने कागदी चुकीला एका फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर दंड आहे. रक्कम ठरवताना धंदा किती मोठा आहे ते बघा, असं कायदा सांगतो, पण दहा माणसांचं दुकान म्हणून फॉर्म माफ होत नाही.

तपासणीची नोटीस आली तर फॉर्म दाखवायला कामाचे किमान तीन दिवस मिळतात. “आत्ताच द्या, सोपं पडेल,” असं कुणी म्हटलं तरी ते दिवस सोडायचे नाहीत.

[जुनी चित्रफीत : दुकानासमोर गाड्या.]

१० जानेवारी २०१८ ला ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकानांच्या साखळीतल्या सुमारे शंभर दुकानांत एकाच दिवशी ‘आइस’चे अधिकारी पोचले. २१ जणांना अटक झाली. नाव साखळीचं असलं, तरी त्यांतली बरीच दुकानं चालवणारे मालक छोटेच होते.

[तालीम, दुसरी फेरी.]

“मला परवानगी द्यायचा अधिकार नाही. मालकीणबाईंना बोलावतो.” या वेळी भाचा हसत नाही. कुणाला लपवायचं नाही, पळ म्हणायचं नाही, खोटं बोलायचं नाही, कागद फाडायचे नाहीत. गप्प राहायचा हक्क मात्र आत कोथिंबीर चिरणाऱ्यांनाही आहे, आणि तो त्यांना स्पॅनिशमधून सांगितला गेला.

कुणाला नेलंच, तर कुठे नेलं ते विचारून लिहून ठेवायचं, घरच्यांना कळवायचं, झालेल्या कामाचा पगार द्यायचा.

पुढचं दुकान कपडे अल्टर करणाऱ्याचं. तिथे एकच खोली : मशीन, गिऱ्हाईक, इस्त्री सगळं एकत्र. खाजगी भाग कुठून सुरू होतो, ते वकीलबाईंना आधी खडूने आखावं लागणार आहे.