आमच्या डब्यात तेलाचा डबा कुणाचा? घरचा कचरा, दुकानाचा कचरा आणि नियम

(टेबलावर जुना पेपर पसरलाय, त्यावर कचऱ्याचा ढीग)

हां, नमस्कार. जेवताना बघत असाल तर आत्ताच पॉज करा, कारण हा ढीग दिसतोय ना, हा आमच्या घरातला कालचा एका दिवसाचा कचरा आहे, चार माणसांचा. टेबलावर ओतायची परवानगी मिळालीये, पण टेबल तूच पुसायचं या अटीवर.

तर मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. झालो म्हणजे काय, मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर ठरलं होतं. पुण्यात, 48 फ्लॅट, आणि खाली रस्त्याकडच्या बाजूला सहा दुकानं. मागच्या महिन्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून माणसं आली, गेटपाशी ठेवलेला ओल्याचा डबा उघडला, आणि आत निघालं काय तर कागदी प्लेटा, चहाचे प्लास्टिकचे कप, शिळा रस्सा आणि तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, पंधरा किलोवाला. आता पंधरा किलो तेल एका घरात कोण संपवतंय? खालच्या स्नॅक्स सेंटरचा माल होता तो, दिसतच होतं. पण दंडाची पावती फाटली सोसायटीच्या नावानं. मग ग्रुपवर दोन दिवस जे चाललं ते जाऊ दे, मी ग्रुप म्यूट केला आणि नियम वाचायला बसलो.

आणि वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की आपण कचऱ्याचं सगळं ओझं गाडीवर टाकतो, गाडी आली नाही, गाडीवाला घेत नाही, गाडीत सगळं एकत्रच करतात. नियमाची सुरुवात मात्र गाडीपासून होतच नाही. ती होते कचरा करणाऱ्यापासून. 2016 साली केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले, त्याआधी 2000 सालचे होते, तर 2016 च्या नियमांत घर, दुकान, ऑफिस, हॉटेल, फेरीवाला, सगळ्यांना एकाच नावानं हाक मारलीये, कचरा निर्माण करणारा. आणि त्याचं पहिलं काम, कचरा वेगवेगळा साठवायचा आणि वेगवेगळाच द्यायचा. जाळायचा नाही, पुरायचा नाही, रस्त्यावर, नाल्यात, ओढ्यात टाकायचा नाही. 2016 ला तीन प्रकार होते, ओला, सुका आणि घरगुती घातक. आता 2026 चे नवीन नियम आलेत, 1 एप्रिल 2026 पासून लागू, त्यात चार केलेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा म्हणजे विशेष काळजीचा, बल्ब, रंगाचे डबे, थर्मामीटर, जुनी औषधं वगैरे.

आता चार डबे म्हटल्यावर आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले, उद्या आठ सांगतील. चालायचंच. पण चार का, हे ढीग उपसताना कळतं, बघा.

(हातमोजे घालतो)

हे ओलं. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, कालची उरलेली आमटी. वजनाला हेच सगळ्यात जास्त आणि सगळा गोंधळ पण हेच करतं. कारण आता हा पेपर बघा, कोरडा आहे, याला भंगारात पैसे मिळतात. त्याच्यावर ही आमटी सांडली… (ओततो) …संपलं. आता याला कोणी एक रुपया देणार नाही. दुधाची पिशवी पण तशीच, धुऊन वाळवली तर माल, नाहीतर दोन दिवसांनी तिचा वास जिन्यात.

आणि पुण्यात हे रुपयाचं गणित फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडं बऱ्याच भागांत दारावर येतात त्या 'स्वच्छ'च्या ताई, त्या महापालिकेच्या पगारी कर्मचारी नाहीत. 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली, कचरा वेचणाऱ्यांची संघटना, त्यातून पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि 2008 पासून महापालिकेसोबतच्या करारावर दारोदार कचरा गोळा करतीये. 3,000 हून जास्त सभासद आहेत, बहुतेक बायका. त्यांची कमाई दोन गोष्टींवर, एक म्हणजे दर महिन्याला आपण घरामागं देतो ते पैसे आणि दुसरं म्हणजे सुक्यातला विकण्याजोगा माल. म्हणजे मी आमटी पेपरावर ओतली तेव्हा कुणाचा तरी पगार कापला, एवढं सरळ आहे ते. आणि आमच्याकडं अशी घरं आहेत जी महिन्याचे पैसे द्यायला तीन वेळा "उद्या या" म्हणतात, आणि रात्री पिझ्झा मागवतात. बॉक्स अर्थातच ओल्यात.

बरं, मिसळलेला कचरा पुढं जातो कुठं? पुणेकरांना उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नावं सांगायला नकोत. वर्षानुवर्षं शहराचा मिसळलेला कचरा तिथं डोंगर करून टाकला. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की हवा न लागता कुजतो, मिथेन तयार होतो, मग ढीग आतून पेटतात, आणि जे काळं पाणी झिरपतं ते विहिरींत. गावातल्या लोकांना स्वतःच्या विहिरी असताना टँकरचं पाणी प्यावं लागलं. त्यांनी गाड्या अडवल्या की आपल्याकडं बातमी यायची "शहरात कचराकोंडी". कोंडी आपली, आणि वास वर्षभर त्यांना! तेच ओलं वेगळं दिलं तर खत होतं किंवा बायोगॅस, शहरात त्याचे प्रकल्प पण आहेत, पण प्लास्टिक घुसलं की मशीन बंद, एवढाच विषय.

आता हे. (पेपरात गुंडाळलेली पुडी दाखवतो) सॅनिटरी. पॅड, डायपर, वापरलेलं बँडेज. हे उघडं टाकायचं नाही, नीट गुंडाळायचं, हे 2016 च्या नियमातच होतं, फक्त तेव्हा ते सुक्याच्या डब्यात जायचं, आता वेगळं द्यायचं. पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम पण झाली. का, तर तो ठिपका नसेल तर ताई ती पुडी माल आहे का बघायला हातानं उघडणार. लाल स्केचपेन आमच्या बाथरूमच्या कपाटात दोरीला बांधून ठेवलंय, कारण मुलं पळवतात.

ठीक, घर झालं. आता दुकान.

आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं म्हणणं होतं की व्यावसायिक कचऱ्याला वेगळा कायदा असतो. तसं नाहीये. वेगळं करून द्यायचा नियम तोच. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, शुल्क, दुकानाला घरापेक्षा जास्त, आणि ते दुकानानं स्वतः भरायचं, सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये लपवून नाही. दुसरा फरक किती कचरा होतो यावर. रोज 100 किलो किंवा जास्त कचरा झाला की तुम्ही मोठे कचरा उत्पादक, बल्क म्हणतात ते, मग हॉटेल असा, मंगल कार्यालय असा, कॉलेज असा नाहीतर सोसायटी. बल्क झालात की ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवायचा, गाडीला द्यायचाच नाही. नव्या नियमात वजनाशिवाय अजून दोन मापं आलीत, बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा जास्त, नाहीतर पाण्याचा वापर दिवसाला 40,000 लिटर किंवा जास्त, यातलं एक जरी बसलं तरी तुम्ही बल्क.

मग मी हिशोब केला. 48 घरं, घरात चार माणसं धरली तर 192. माणशी 135 लिटर पाणी हा नेहमीचा आकडा, म्हणजे 26,000 च्या आत. पाण्यात सुटलो. बांधकामात पण सुटलो. कचरा माणशी अर्धा किलो धरला तर 96 किलो. छ्याण्णव! म्हणजे एखाद्या घरी पाहुणे आले तरी आपण काठावर. म्हटलं अंदाज नको, भंगारवाल्याचा काटा आणला आणि सात दिवस वॉचमनला रोज वजन करायला लावलं. घरांचा रोजचा कचरा 90 च्या आसपास आला. आणि आमच्याच डब्यांत येणारा दुकानांचा? तीस!

म्हणजे पावती राहिली बाजूला, ती दुकानं आम्हाला गुपचूप बल्कच्या यादीत ढकलत होती आणि आम्ही रोज डबा भरला म्हणून वॉचमनला ओरडत होतो.

मग स्नॅक्स सेंटरच्या मालकाकडं गेलो. भांडायच्याच तयारीनं, खरं सांगतो. तो म्हणाला, "साहेब, मला गाळा देताना सांगितलं होतं कचरा मागच्या डब्यात टाक म्हणून." विचारलं कुणी, तर आमच्याच आधीच्या कमिटीनं. काय बोलणार. गप चहा घेतला.

आता त्याचे तीन पिंप आहेत, दुकानाच्या आत, नाव घातलेले. ताई त्याच्याकडून थेट घेतात, पैसे तो थेट देतो. तेलाचे डबे भंगारात विकतो, आधी फुकट टाकत होता! वापरलेलं तेल मात्र नाल्यात ओतायचं नाही हे त्याला अजून पटवतोय. वरच्या मजल्यावर एक दवाखाना आहे, त्याचं वेगळं, सुया, कापूस, सलाईनच्या नळ्या हा जैववैद्यकीय कचरा, त्याचे नियमच वेगळे आणि पिशव्यांचे रंग पण वेगळे, तो ताईंच्या गाडीत चुकूनही जाता कामा नये. किराणावाल्याचे खोके भंगारवाला स्वतःच नेतो, तिथं काही बोलावंच लागलं नाही.

आणि हो, कमेंटमध्ये येणारच म्हणून, बाथरूम फोडलंय, त्या फरश्या आणि विटा रोजच्या कचऱ्यात चालत नाहीत. राडारोडा वेगळा, तो न्यायला वेगळी गाडी मागवायची आणि त्याचे पैसे पडतात. रात्री अकराला ओढ्याच्या कडेला टेम्पो उभा करून नाही. परवाना नसलेल्या जागी शंभराच्या वर लोक जमवून कार्यक्रम करताय तर महापालिकेला निदान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं, हे पण 2016 पासून लिहिलेलं आहे. आमच्याकडं गेल्या दहा वर्षांत दोनशे लोकांचे किती साखरपुडे झाले आणि कळवले किती, विचारू नका.

घरपट्टीचं एक सांगायचं राहिलं. पुण्यात गांडूळखत प्रकल्प, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक चालू असेल तर मिळकतकरात 5 टक्के सवलत, दोन असतील तर 10. चालू असेल तर, हां. आमच्या मागं गांडूळखताचा हौद आहे, बिल्डरनं बांधलेला, त्यात सध्या पार्किंगमधल्या दोन जुन्या सायकली आहेत. आम्ही काठावरचे 90 किलोवाले, सक्ती नाही, पण हौद रिकामा करायचा ठराव पुढच्या मीटिंगला मांडतोय. सायकली कुणाच्या ते कोणी कबूल करत नाहीये.

(ढिगातलं शेवटचं उचलतो) आता हे राहिलं. डासांच्या लिक्विडची रिकामी बाटली, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, आणि एक ट्यूबलाईट, ती कालची नाही, वर्षभर दाराच्या मागं उभी आहे. हे चौथ्या डब्यातलं. ताई घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, ट्यूब फुटली तर आतला पारा त्यांच्याच हातावर. नियम म्हणतो महापालिकेनं ठरवलेल्या केंद्रावर नेऊन द्या. आमच्या प्रभागात ते केंद्र कुठं आहे हे मी वॉचमन, मुकादम आणि आधीचे सेक्रेटरी, तिघांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. तर उद्या अकरा वाजता क्षेत्रीय कार्यालयात जातोय, ट्यूब हातात घेऊनच. कुठं घेतात ते पत्त्यासकट पिन कमेंटमध्ये टाकतो.

आता टेबल पुसतो, वास यायला लागलाय.